पोटाचं दुखणं, मनाचं खुपणं

"काय गं, मूड ऑफ?" ऑफिसात कुणी असं विचारलं की आपलं उत्तर रेडी असतं, "काही नाही गं, पोटात जरा दुखतंय." एक पेनकिलर, एक कडक कॉफी, की मॅडम निघाल्या मीटिंगला! पण हेच दुखणं सहा-सहा महिने मुक्काम ठोकून बसलं तर? झोप उडते, चिडचिड वाढते, मैत्रिणींचे फोनही नकोसे होतात. आणि आपण खापर फोडतो डेडलाइनवर.

मी मूळची वाशिम जिल्ह्यातल्या केनवडची. ओटीपोटात कळा येवोत की अंगावरून पांढरं जावो, गावाकडच्या बायका कंबर बांधून कामाला लागतात. डॉक्टरकडे जायची लाज! आमच्या विदर्भातच, गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी किंवा उपचार झाले होते फक्त ८ टक्के जणींचे.

यात मनाचा काय संबंध? तो गोव्यात दिसला. डॉ. विक्रम पटेल यांच्या टीमने तिथल्या २,४९४ स्त्रियांचा सर्व्हे केला. २००६ साली निष्कर्ष आले. अंगावरून जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं अशा तक्रारी असणाऱ्यांमध्ये डिप्रेशन आणि अँक्झायटी जास्त होती. नवऱ्याकडून होणारी लैंगिक हिंसा, घरात शब्दाला किंमत नसणं आणि पैशाची ओढाताण यांचंही या त्रासाशी नातं होतं.

"म्हणजे सगळे मनाचेच खेळ!" असं लगेच म्हणू नका. दुखणं खरंच असतं. वेदना आणि मूड या दोन्हींचा ताबा मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या त्याच रसायनांकडे असतो. म्हणून सततच्या दुखण्याने मन खचतं आणि खचलेल्या मनाला तेच दुखणं दुप्पट जाणवतं. एंडोमेट्रिऑसिसचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या साधारण दहातल्या एकीला तो असतो, पण निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षं जातात. तोवर "सगळ्यांचंच दुखतं, तुझंच काय मोठं?" हे ऐकून कोण खचणार नाही?

तेव्हा फंडा सोपा आहे. कधी, कुठे, किती दुखलं आणि त्या दिवशी झोप-मूड कसा होता, हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. गायनॅकला मनाचं सांगा, काउन्सेलरला पोटाचं सांगा. एकाच बाजूचे उपचार अर्धवट राहतात. "लग्न झालं की थांबेल" हे औषध नव्हे! मन फारच खचलं तर १४४१६ या 'टेली-मानस' हेल्पलाइनवर दिवसरात्र फुकट बोलता येतं, तेही मराठीत.

आणि बॉइज, शेजारच्या डेस्कवरची ती गप्प गप्प असेल तर "नखरे" म्हणण्याआधी जरा थांबा. यंदा दिवाळीला गावी जाल तेव्हा आईलाही विचारा, "कंबर कधीपासून दुखतेय?" उत्तर बहुधा वर्षांमध्ये येईल.