चॉकलेट दुधाला विश्वकोशात स्वतंत्र नोंद हवी काय?

न्यूझीलंडच्या लुईस रोड क्रीमरी या कंपनीने २०१४ साली व्हिटाकर्सचे चॉकलेट घातलेले ताजे दूध बाजारात आणले आणि दुकानांतील बाटल्या पाहता पाहता संपल्या. काही ठिकाणी प्रत्येक ग्राहकामागे बाटल्यांची मर्यादा घालावी लागली. एवढ्या लोकप्रियतेवर या दुधाला विश्वकोशात स्वतंत्र नोंद मिळावी काय?

विकिपीडियाचा निकष खपाचा नाही, चवीचा तर नाहीच. उत्पादकाशी संबंध नसलेल्या विश्वसनीय प्रकाशनांनी विषयाची सविस्तर दखल घेतलेली असावी लागते. कंपनीचे प्रसिद्धिपत्रक, जाहिरात किंवा त्यांवरून जशीच्या तशी उतरवलेली बातमी पुरावा म्हणून धरली जात नाही. लिहिण्याजोगा मजकूर थोडा असल्यास तो कंपनीच्याच नोंदीत सामावून घेण्याचा प्रघात आहे.

न्यूझीलंडच्या वृत्तपत्रांनी या दुधाची दखल घेतली, ही त्याची जमेची बाजू. मात्र तिचा मुख्य विषय टंचाई हाच होता. तेवढ्यावर परिच्छेद उभा राहतो, लेख नाही. कंपनीच्या नोंदीतच त्याची जागा योग्य ठरते. ऑस्ट्रेलियात १९३४ साली थॉमस मेन यांनी तयार केलेल्या, दुधात मिसळून प्यायच्या मायलोची गोष्ट निराळी. अनेक देशांत पसरलेला त्याचा इतिहास स्वतंत्र नोंदीला पुरून उरतो.