फिलाडेल्फियातले साठ कोपरे

एखाद्या वस्तीत गुन्हे वाढले की बंदोबस्त वाढतो, पुढे आकडे उतरतात आणि श्रेय बंदोबस्ताला जातं. पण गुन्ह्यांची लाट शिगेला पोहोचली की बरेचदा आपोआपच ओसरते. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ची नुसती तुलना फसवी ठरते, पोलीस न पाठवलेली तशीच दुसरी जागाही मोजावी लागते. फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी 2009 च्या उन्हाळ्यात टेंपल विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर नेमकं हेच केलं. हिंसक गुन्हे जास्त घडणाऱ्या 120 जागा निवडल्या, सारख्या जागांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतली कोणती जागा गस्तीसाठी घ्यायची हे नशिबावर सोडलं. अकादमीतून नुकतेच बाहेर पडलेले पोलीस साठ जागी पायी गस्त घालू लागले. बारा आठवड्यांनी तिथले हिंसक गुन्हे उरलेल्या साठ जागांच्या तुलनेत 23 टक्क्यांनी कमी भरले.

गुन्हेगार फक्त शेजारच्या गल्लीत सरकले, हा आक्षेप रास्तच आहे, आणि संशोधकांनी तोही मोजला: सुमारे 90 गुन्हे टळले, 37 आजूबाजूला सरकले, म्हणजे निव्वळ फायदा 53 चा. निम्म्या वस्त्यांना गस्तीविना ठेवणं अन्याय नव्हे का? मनुष्यबळ सगळीकडे पुरणारच नसेल, तर चिठ्ठी टाकणं मला वशिल्यापेक्षा न्याय्य वाटतं. खरी काळजी वेगळी आहे. गस्त थांबल्यावर हा फायदा टिकला नाही. शिवाय गस्तीत रोज अडवून झडती घेतल्या जाणाऱ्या तरुणाचा पोलिसांवरचा विश्वास गुन्ह्यांच्या तक्त्यात दिसत नाही. तोही मोजायलाच हवा.