मनगट मोडले : प्लास्टर, तारा की प्लेट?

पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकतो, माणूस हात टेकतो आणि मनगट मोडते. पेण-रोह्याच्या वस्त्यांत आम्ही असे हात दरवर्षी पाहतो. कुणी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, कुणी धाटावच्या एमआयडीसीत हेल्पर. घर त्या हातावरच चालते. म्हणून ऑपरेशन म्हटले की माणसे दागिना गहाण टाकून प्लेट बसवतात. महाग तेच चांगले, असे असते का?

हाड जागेवर बसवल्यावर ते तिथेच धरून ठेवण्याचे मुख्य मार्ग तीन. नीट घातलेले प्लास्टर. कातडीतून घातलेल्या बारीक तारा, ज्या काही आठवड्यांनी काढतात. किंवा चीर देऊन स्क्रूने बसवलेली प्लेट, जी बहुधा आतच राहते.

ब्रिटनमध्ये ४६१ रुग्णांवर तारा आणि प्लेट यांची तुलना झाली. २०१४ साली निष्कर्ष आला : वर्षानंतर हाताच्या कामात दोघांत फरक नव्हता. २०२२ मध्ये ५०० रुग्णांत प्लास्टर आणि तारांची तुलना झाली. वर्षानंतर हात सारखेच चालत होते. मात्र प्लास्टरवाल्यांत शंभरातील १३ जणांचे हाड सरकले व सहा आठवड्यांत ऑपरेशन करावे लागले. म्हणून प्लास्टरनंतर पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात. तो चुकवू नका.

हे सगळ्या मोडींना लागू नाही. सांध्याचा पृष्ठभाग तुटून सरकला असेल आणि बाहेरून ओढून बसत नसेल, तर चीर देऊन प्लेट लावावी लागू शकते. जखमेतून हाड दिसत असेल किंवा बोटे बधिर असतील, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

डॉक्टरांना विचारा : "माझे हाड सांध्यात मोडले आहे का? तारांनी भागेल का? प्लेटच का?" विचारणे म्हणजे अपमान नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का, ते रेशनकार्ड व आधार घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा.

उपचार कोणताही असो, अंगठी-बांगड्या लगेच काढा आणि हात उंच ठेवा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पहिल्या दिवसापासून बोटे, कोपर, खांदा हलवा. हात झोळीत टाकून बसलेल्यांची बोटे आखडतात. प्लास्टरमध्ये ठणका वाढला, बोटे निळी-थंड पडली, तारेपाशी पू आला, तर त्याच दिवशी दाखवा. तेल लावून चोळू नका. प्लास्टर निघाल्यावर सांगितलेला व्यायाम रोज करा. हात पुन्हा कामाला लागतो तो त्यानेच.