देह आणि दाह – लेखांक ७ : फुप्फुस पोखरणारी विकरे

न्यूट्रोफिल या पेशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५० ते ७० टक्के असतात. जंतू शिरला की सर्वांत आधी त्याच धावून जातात. त्यांच्यातल्या सूक्ष्म कणिकांत विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, तयार साठा असतो. इलॅस्टेज, प्रोटिनेज-३ आणि कॅथेप्सिन-जी ही तीन विकरे प्रथिने तोडतात. मायलोपेरॉक्सिडेज हे चौथे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइडपासून जंतुनाशक हायपोक्लोरस आम्ल घडवते. स्वीडनच्या आग्नर यांनी १९४१ मध्ये ते पुवातून वेगळे केले. ते हिरवे असते आणि जुनाट खोकल्यातल्या बेडक्याची हिरवट छटा बहुतांशी त्याचीच असते. बेडक्याचा रंग कोणता, हा डॉक्टरांचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

या विकरांना जंतूचे प्रथिन आणि शरीराचे प्रथिन यांतला फरक कळत नाही. वायुकोशांच्या भिंती श्वासागणिक ताणून पुन्हा आखडतात त्या इलॅस्टिनच्या धाग्यांमुळे. हे धागे मुख्यतः बालपणी विणले जातात. प्रौढ वयात ते तुटले, तर जवळजवळ भरून येत नाहीत. त्यांच्या रक्षणासाठी यकृतात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन तयार होते आणि रक्तावाटे फुप्फुसात पोहोचून मोकळ्या इलॅस्टेजला निष्प्रभ करते. स्वीडनमधल्या लॉरेल आणि एरिकसन यांना १९६३ मध्ये पाच व्यक्तींच्या रक्तात हे प्रथिन जवळपास नसल्याचे दिसले. त्यांपैकी तिघांची फुप्फुसे खराब झालेली होती. रक्षक कमी पडला की स्वतःचीच विकरे ऊतक खातात, हा विचार तिथून रुजला.

भारतात हा जन्मजात दोष क्वचितच आढळतो. इथे रक्षकाला निकामी करण्यात धुराचा मोठा वाटा असतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतली ऊसतोड कुटुंबे हंगामभर फडाशेजारच्या कोपीत राहतात आणि तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करतात. गावातल्या घरांतही पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जळतात. उत्तरेच्या बागायती पट्ट्यात पाचट पेटवल्याचा धूर वेगळाच. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईला पन्नाशीत धाप लागू लागते आणि घरचे त्याला दमा म्हणतात. पुष्कळदा तो सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अडवणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, असतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर सरपणाचा धूर सोसणारे सुमारे ३०० कोटी, असा त्यांचा हिशेब होता.

धुराने चिडलेल्या महाभक्षक पेशी न्यूट्रोफिलांना बोलावतात. तंबाखूच्या धुरातली ऑक्सिडीकारक द्रव्ये अँटिट्रिप्सिनमधल्या ३५८ व्या स्थानावरच्या मेथिओनिनला बिघडवतात आणि त्याची पकड सुटते; सरपणाच्या धुरातही अशी द्रव्ये असतात. महाभक्षक पेशींचे स्वतःचे इलॅस्टेजही आहे. १९९७ मध्ये ते नसलेल्या उंदरांना महिनोन्‌महिने सिगारेटचा धूर दिला, तरी त्यांचे वायुकोश फाटले नाहीत. तुटलेल्या प्रथिनांचे तुकडे नव्या पेशींना खेचून घेतात, त्यामुळे धूर थांबल्यावरही दाह रेंगाळतो. चुलीच्या धुराने मात्र वायुकोश फाटण्यापेक्षा श्वासनलिका अरुंद होण्याचे प्रमाण अधिक दिसते. तेव्हा तंबाखूवरून काढलेले सगळे निष्कर्ष चुलीला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल.

क्षयरोगाचा मार्ग वेगळा आहे. फुप्फुसात पोकळी पडते ती मुख्यतः जंतूच्या विकराने नव्हे, तर शरीराच्याच पेशींनी सोडलेल्या एमएमपी-१ या कोलॅजन तोडणाऱ्या विकराने. सहा महिन्यांच्या गोळ्या जंतू मारतात. मोडलेली रचना तशीच राहते. श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यांत कफ साचतो, म्हणजे ब्रॉंकिएक्टेसिस होतो. भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २१९५ रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा क्षयरोग हेच सर्वांत मोठे कारण ठरले: सुमारे ३५ टक्के रुग्णांत. साचलेल्या कफात इलॅस्टेज मोकळे फिरते. ते आणखी कफ सुटायला लावते, तो वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंद करते, जंतू ओळखणारी प्रतिपिंडेही कापते. जंतू टिकतात, म्हणून आणखी न्यूट्रोफिल येतात. पीटर कोल यांनी १९८६ मध्ये वर्णिलेले दुष्टचक्र ते हेच.

इलॅस्टेजला थेट अडवणारी औषधे सीओपीडीत फारशी यशस्वी झाली नाहीत. नवा उपाय त्याच्याही मागे जातो. अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल घडत असताना डीपीपी-१ हे विकर वरील तिन्ही प्रथिनभंजकांना कार्यक्षम करते. त्यालाच रोखणाऱ्या ब्रेन्सोकॅटिब या औषधाने ब्रॉंकिएक्टेसिसच्या १७०० हून अधिक रुग्णांच्या वर्षभराच्या चाचणीत आजार उफाळण्याचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने घटवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जन्मतः डीपीपी-१ नसलेल्यांचे दात लहानपणीच पडतात, तळहात-तळपायांची कातडी जाड होते. त्यामुळे हे औषध घेणाऱ्यांच्या हिरड्या आणि त्वचा तपासत राहावे लागते. तालुक्याच्या रुग्णालयात आज करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे: श्वसनाचे व्यायाम शिकवून आणि मिठाच्या पाण्याची वाफारणी देऊन रोज कफ बाहेर काढणे. त्याबरोबर इलॅस्टेजही फुप्फुसातून बाहेर पडते.