शिट्टी न देणाऱ्या कुकरातले वाल

चवळीला किती शिट्ट्या? अंबरनाथ-बदलापूरच्या कोणत्याही चाळीत किंवा टॉवरमध्ये विचारा, उत्तर तिथल्या तिथे मिळेल. शेजारच्या दारात विचारा, वेगळेच उत्तर मिळेल. दोन्ही बरोबर असतात, कारण शिट्टी हे मुळात वेळेचे मापच नाही. गॅस मोठा आणि कुकर अर्धा भरलेला असेल, तर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतात. तोच कुकर गच्च भरून बारीक आचेवर ठेवला, तर एका शिट्टीची वाट बघत बसावे लागते. आतल्या दाण्याला शिट्ट्या मोजता येत नाहीत. त्याला फक्त किती तापलो आणि किती वेळ तापलो एवढेच कळते.

तरीही हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालला, कारण घरातला कुकर, शेगडी आणि वाणी, तिन्ही ठरलेले असत. दाणा कच्चा वाटला की ‘आणखी दोन होऊ देत’ म्हणायचे, की झाले. आता विजेवर चालणारा प्रेशर कुकर ओट्यावर आला आहे आणि तो शिट्टीच देत नाही. अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीतली पहिली शिफ्ट गाठायची असो की बदलापूरहून सुटणारी सकाळची लोकल, कडधान्य टाकून, बटण दाबून घराबाहेर पडता येते, हे त्याचे खरे आकर्षण. पण एकदा हरभरे दडदडीत राहिले आणि दुसऱ्यांदा चवळीचा लगदा झाला, की ‘यापेक्षा आपला जुना कुकर बरा’ हे वाक्य येतेच. माझ्या मते यात यंत्राचा दोष थोडा आणि दाण्याचा व पाण्याचा जास्त असतो. शिट्ट्यांच्या गोंगाटात ते लपून जात होते, इतकेच.

आधी यंत्राचे पाहू. मोरिवली समुद्रसपाटीपासून फारशी उंचावर नाही, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते आणि कितीही आच वाढवली तरी तिथेच थांबते. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी अधिक तापल्यावरच उकळते. डेनिस पापँने १६७९ मध्ये हाडे मऊ करण्यासाठी केलेल्या भांड्याचे तत्त्व हेच, आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कल्पनाही त्याचीच. आपल्याकडच्या शेगडीवरच्या कुकरची शिट्टी वातावरणाच्या दाबाहून साधारण एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाब झाला की उठते. त्या वेळी आत १२० अंशांच्या आसपास तापमान असते. विजेचे बहुतेक घरगुती कुकर यापेक्षा थोड्या कमी दाबावर, म्हणजे ७० ते ८० किलोपास्कलच्या आसपास चालतात. तिथे पाणी ११५ ते ११७ अंशांपर्यंत जाते.

तीन-चार अंशांनी काय होते? शिजण्याची क्रिया दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते असे धरले, तर तीन अंशांच्या तुटीने वेळ पाव पटीने वाढतो. म्हणून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या हॉकिन्सच्या कारखान्यातून निघालेल्या कुकरला जे दहा मिनिटांत जमते, त्याला विजेच्या कुकरात बारा-तेरा मिनिटे द्यावीत. त्यात दाब तयार होईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे धरायची नाहीत. पडद्यावरचा आकडा त्यानंतरच उलटा मोजू लागतो.

एवढे केले तरी गेल्या महिन्यात जमलेले हरभरे या महिन्यात जमत नाहीत. इथून गोष्ट दाण्याची.

एक वाल हातात घ्या. त्याच्या एका कडेला पांढरा, जाड पट्टा दिसतो. शेंगेत असताना दाणा तिथे चिकटलेला होता. भिजत घातल्यावर सगळ्या सालीतून सारखे पाणी शिरत नाही. सुरुवातीला ते मुख्यतः या पट्ट्याच्या अंगाने आत जाते. तासाभराने पाहिले तर साल सुरकुतलेली दिसते, कारण साल फुगली आहे आणि आतली डाळिंबी अजून कोरडी आहे. पुढे डाळिंबीही फुगते आणि साल पुन्हा तुळतुळीत ताणली जाते. एक दाणा नखाने चिरून बघावा. मध्ये पांढरट कोरडा ठिपका दिसला, तर भिजणे पूर्ण झालेले नाही. भिजवलेल्या भांड्याच्या तळाशी काही दाणे मात्र जसेच्या तसे, बारीक आणि टणक राहिलेले असतात. हे गणंग. त्यांच्या सालीतून पाणी शिरतच नाही. ते वेचून टाकावेत, कुकरावर त्यांची परीक्षा घेऊ नये.

पण गणंग नसलेले, छान फुगलेलेही दाणे कधी कधी शिजत नाहीत. कडधान्य शिजणे म्हणजे डाळिंबीतल्या पेशी एकमेकींपासून सुट्या होणे. पेशींच्या मधल्या थरात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, तोच जो पेरूच्या जेलीला घट्ट करतो. उष्ण पाण्यात पेक्टिन विरघळते आणि दाणा बोटाने चुरता येतो. मात्र पेक्टिनच्या साखळ्यांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळाले, तर ते त्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतात आणि मग पेक्टिन सहजी सुटत नाही.

हे कॅल्शियम येते कुठून? काही दाण्यातूनच. कडधान्यात फायटिक आम्ल असते आणि या धातूंना ते धरून ठेवते. दाणा उष्ण, दमट हवेत महिनोन् महिने पडून राहिला की त्यातले एक विकर हळूहळू या आम्लाचे तुकडे करते, धातू मोकळे होतात आणि पेक्टिनला जाऊन चिकटतात. उष्ण आणि दमट! उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या पावसाळ्याचे याहून नेमके वर्णन काय करायचे? मार्चमध्ये वर्षाचे म्हणून भरून ठेवलेले कडधान्य गणपतीपर्यंत हट्टी होते ते याचमुळे. रायगड-ठाण्यात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्या हंगामातले नवे वाल आणि तेच वाल आठ महिन्यांनी, यांना एकच वेळ लावून चालत नाही. हवाबंद डब्यात, शक्यतो गार जागी ठेवावे आणि एका वेळी थोडेच आणावे, हा उपाय फार साधा आहे, पण कोणत्याही बटणापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

उरलेले कॅल्शियम पाण्यातून येते. आमच्या भागाला बारवी धरणाचे आणि उल्हास नदीचे पाणी मिळते. साठवलेले पावसाचे पाणी एरवी तितके जड नसते. नवीन सोसायट्यांमध्ये मात्र नळाला जोड म्हणून बोअर किंवा टँकर असतो, आणि बेसाल्ट खडकात मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेले असते. साबणाला फेस येत नसेल, गीझरच्या कॉइलवर पांढरी पुटे चढत असतील, तर त्याच पाण्यात राजमा हट्टाला पेटणार हे गृहीत धरा. भिजवायला आणि शिजवायला पिण्याचे, फिल्टरचे पाणी घेऊन पाहा; फरक त्याच दिवशी कळतो.

आता मीठ. ‘मीठ आधी घातले तर कडधान्य शिजत नाही’ हे आपल्या स्वयंपाकघरातले जवळजवळ सर्वमान्य वचन आहे आणि ते बरोबर नाही. भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सपाट मोठा चमचाभर मीठ घातले, तर त्यातले सोडियम पेक्टिनला चिकटलेल्या कॅल्शियमची जागा घेते. सोडियम दोन साखळ्यांना बांधू शकत नाही. बांध सैल होतो, दाणा लवकर शिजतो आणि सालही कमी फाटते. ते पाणी टाकून द्यायचे, म्हणजे आमटी खारट होत नाही. खरा अडथळा आंबटाचा. चिंच, आमसूल, टोमॅटो यांच्यामुळे पेक्टिन विरघळायचे थांबते. गुळातही साखर आणि कॅल्शियम असते, त्यामुळे तोही दाणा घट्ट ठेवतो. चिंच-गूळ शेवटी घालण्याची पद्धत म्हणूनच शंभर टक्के शास्त्रीय. मीठ बिचारे उगाच त्यांच्या पंगतीत बसले. चिमूटभर खाण्याचा सोडा पेक्टिन झपाट्याने तोडतो हे खरे, पण त्यात थायमिन हे जीवनसत्त्वही नष्ट होते आणि जरा जास्त पडला की साबणाची चव येते. जुन्या, हट्टी हरभऱ्यासाठी नाइलाज म्हणून वापरावा, रोज नको.

विजेच्या कुकरवर ‘स्लो कुक’ नावाचे एक बटण असते. राजम्यासाठी ते दाबू नका. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन भरपूर असते. ते पोटात गेले की एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, आणि त्यासाठी चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार दाणे ८० अंशांपर्यंतच तापवले, तर त्यांची विषारीपणाची पातळी कमी होण्याऐवजी कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकते. ब्रिटनमध्ये १९७६ ते १९८९ या काळातल्या राजम्याच्या विषबाधेच्या ५० संशयित घटनांचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. उपाय सोपा आहे: किमान पाच तास भिजवा, पाणी फेका आणि नवीन पाण्यात प्रेशरवर शिजवा. ११५ अंशांपुढे हे लेक्टिन तग धरत नाही. मंद आच मुरलेल्या चवीसाठी हवीच असेल, तर ती प्रेशरनंतर द्या.

वेळेचे म्हणाल तर भिजवलेल्या चवळीला पाच ते आठ मिनिटे, राजम्याला दहा-बारा, छोले आणि हरभऱ्यांना बारा ते पंधरा, एवढ्यावरून सुरुवात करावी आणि आपल्या वाण्याच्या मालाप्रमाणे दोन-तीन मिनिटे इकडेतिकडे करावीत. मोड आलेल्या मटकीला प्रेशर जवळपास नकोच. उल्हासनगरातल्या सिंधी घरांत दाल पकवानसाठी हरभऱ्याची डाळ मऊ पण अख्खी लागते. तिथे एक मिनिट जास्त झाले तरी वरण होते. शिट्ट्यांवर हे काम फार सरावाच्या हातालाच जमायचे. मिनिटांवर ते कुणालाही जमते, आणि इथे विजेच्या कुकरला पूर्ण गुण.

वेळ संपल्यावर वाफ लगेच सोडायची घाई मात्र करू नये. दाण्याच्या आतले पाणीही ११५ अंशांना असते. दाब एकदम उतरला की ते आतल्या आत उसळते, साली फाटतात आणि फेस थेट व्हॉल्व्हमधून बाहेर येतो. कडधान्यातली सॅपोनिन आणि प्रथिने हा फेस धरून ठेवतात. भांडे अर्ध्याहून जास्त भरू नये, चमचाभर तेल टाकावे आणि पंधरा-वीस मिनिटे वाफ आपोआप जिरू द्यावी. या वेळात दाणा शिजतच असतो, तोही हिशेबात धरा.

वाफ बाहेर न जाण्याचा फायदा विजेच्या बिलातही दिसतो. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ११७ अंशांवर न्यायला सुमारे ०.१ युनिट ऊर्जा लागते. तेच लिटरभर पाणी पूर्ण वाफ करून उडवायला ०.६ युनिटहून जास्त. म्हणजे खर्च तापवण्यात नसतो, उडवण्यात असतो. उघड्या पातेल्यात तासन् तास खदखदणारे हरभरे मुख्यतः खिडकीबाहेरची हवा दमट करत असतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली ‘सराई’ कुकर केला, तो प्रेशर कुकर नव्हे. पण शंभरेक ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर घरचा स्वयंपाक होतो, कारण उष्णता आतच राखली जाते. विजेच्या कुकरात पाणी कमी उडते, म्हणून नेहमीच्या मापाने घातलेले पाणी जास्त होते. पहिल्या खेपेची आमटी पाणचट व्हायचे कारण हे.

रात्री भिजत घालून पहाटे कुकर आपोआप सुरू करण्याची सोय राजमा सोडून बाकीच्यांसाठी थंडीत उत्तम. एप्रिल-मेमध्ये बदलापूरला पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा दहा तास भिजलेल्या कडधान्यावर फेस येतो आणि आंबूस वास मारतो. अशा दिवसांत भिजवणे फ्रिजमध्ये करावे, दाणे सकाळी नवीन पाण्यात टाकावेत. शिजता शिजता लाईट गेली, तर भांडे बराच वेळ गरम राहते. पण झाकण उघडून पाहिल्यावर कोमट झालेले आढळले आणि लाईट कधी येईल याचा भरवसा नसेल, तर सरळ गॅसवर चढवावे.

राहता राहिले वालाचे बिरडे. मोड आणून, साली सोलून काढलेल्या डाळिंब्यांना प्रेशर सोसत नाही. एका मिनिटात त्यांचे पिठले होते. त्यांच्यासाठी कढईवर ताट झाकून त्यात पाणी ठेवतात. खालून आलेली वाफ गार ताटाला लागून थेंबाथेंबाने परत खाली पडते, रस आटत नाही, तळ लागत नाही. लागलेच तर ताटातले तापलेले पाणी आत ओतायचे. मोरिवलीतल्या रसायनांच्या कारखान्यांत रिॲक्टरवर रिफ्लक्स कंडेन्सर बसवतात तो याच कामासाठी. विजेच्या कुकरातही हे करता येते: झाकण बाजूला ठेवायचे, ‘सॉटे’ मंदावर लावायचे, फोडणीवर डाळिंब्या परतून वर पाण्याचे ताट. भांड्याच्या काठावर नीट बसेल असे ताट तेवढे घरात शोधावे लागते.