आठशे मिलिमीटर

मृग लागला की पाऊस, हे आपलं पंचांग चेन्नईत चालत नाही. इथला खरा पाऊस दसरा-दिवाळीच्या सुमारास समुद्राकडून येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला आणि वेळचेरीतल्या लोकांनी रस्त्यावर पाणी चढायच्या आत गाड्या काढून उड्डाणपुलावर नेऊन ठेवल्या. कठड्याला लावून, बंपरला बंपर. ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. मी अड्यारला राहतो. तिथून पूल फार लांब नाही, म्हणून स्कूटरवरून बघायला गेलो. आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट असणार हे गृहीतच होतं. पण मधूनमधून चांगल्या धिप्पाड फोर बाय फोर गाड्याही होत्या. जाहिरातीत ज्या ओढे-नाले उडवत जातात, त्या पाण्याला भिऊन पुलावर चढून बसल्या होत्या.

मला हसू आलं, पण ते घरी पोचेपर्यंतच टिकलं. माझी स्वतःची फोर्ड एन्डेव्हर इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये उभी होती. मी निमूटपणे तिची किल्ली उचलली आणि परत पुलाची वाट धरली.

अड्यारमध्ये डोंगर नाही. चढ म्हणावा असा काय तो नदीवरचा तिरु वि. क. पूल. तरीही गांधीनगर, कस्तुरबानगर, इंदिरानगरच्या झाडीभरल्या गल्ल्यांत या उंच गाड्या बऱ्याच दिसतात. इथल्या कुणालाही कारण विचारा, तो एक साल सांगेल : २०१५. त्या वर्षी १ डिसेंबरपासून चोवीस तासांत तांबरमला ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कम तलावातून २९,००० क्युसेक पाणी सोडलं गेलं. एरवी नाक मुरडून ओलांडायची अड्यार नदी सैदापेट आणि कोट्टूरपुरमच्या घरांत शिरली. विमानतळ बंद पडला. 'द हिंदू' हे १८७८ साली सुरू झालेलं वर्तमानपत्र २ डिसेंबरला निघालंच नाही, कारण छापखाना मरैमलैनगरला आणि तिथवर कामगार पोचू शकले नाहीत. त्या दिवसांत ज्याने आपली सेडान छपरापर्यंत बुडालेली पाहिली, त्याने पुढची गाडी घेताना मायलेज विचारलं नाही, उंची विचारली.

हे मरैमलैनगर लक्षात ठेवा. अड्यारहून चाळीसेक किलोमीटरवर, तिरुचीच्या हमरस्त्यालगत. माझी गाडी तिथलीच. फोर्डने भारतात पुन्हा पाऊल ठेवलं ते १९९५ मध्ये महिंद्राशी भागीदारी करून, आणि त्यांची पहिली एस्कॉर्ट जोडली जायची आपल्या नाशकात. मरैमलैनगरचा कारखाना नंतरचा. तिथून १९९९ मध्ये आयकॉन बाहेर पडली आणि पुढे एन्डेव्हर. ९ सप्टेंबर २०२१ ला कंपनीने भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षाच्या मध्यावर इथला पट्टा थांबला. म्हणजे मी ज्या गाडीचा मालक आहे तिचं माहेर तासाभराच्या अंतरावर आहे, पण दार लावलेलं. सुटे भाग आणि सर्व्हिस चालू ठेवू हे कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं, आणि साध्या गोष्टी मिळतातही. जरा वेगळं काही हवं असेल तर जनरल पॅटर्स रोडची दुकानं धुंडाळायची. तिथेही नसेल तर पुदुपेट, जिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव मांडून ठेवलेले असतात. मुंबईकरांना चोरबाजार आणि कुर्ला एकत्र केल्यासारखं वाटेल.

(गंमत अशी की महिंद्राने आपलं संशोधन केंद्र याच हमरस्त्यावर थोडं पुढे, चेंगलपट्टूजवळ थाटलं. नव्या थारच्या आराखड्याचं मोठं काम इकडे झालं आणि गाडी बनते नाशकात. एकूण नाशिक आणि चेंगलपट्टू यांची सोयरीक जुनी.)

आता उंचीबद्दल. सरकारच्या लेखी उंच गाडी म्हणजे काय, हे जीएसटीच्या नियमांत लिहिलेलं आहे : लांबी ४ मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं आणि रिकाम्या गाडीचं जमिनीपासूनचं अंतर किमान १७० मिलिमीटर. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर सरळ ४० टक्के कर आहे. त्याआधी उपकर धरून तो ५० टक्के होता. पण हा १७०चा किंवा माझ्या गाडीचा २२५चा आकडा दगडधोंड्यांसाठी. पाण्यासाठी दुसरा आकडा असतो, किती खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते त्याचा. थारचा ६५० मिलिमीटर, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरख्याचा ७००, एन्डेव्हरचा ८००. हा आकडा शोरूममध्ये फार प्रेमाने सांगतात. मीही पाहुण्यांना सांगायचो, मांडीपर्यंत हात नेऊन दाखवायचो.

तो आकडा खरा आहे, पण त्याला अटी आहेत. पाणी उभं असलं पाहिजे, वाहतं नाही. खालचा रस्ता ठाऊक असला पाहिजे. आणि गाडी माणसाच्या चालीने गेली पाहिजे. वेग वाढवला की नाकासमोर पाण्याची लाट उभी राहते आणि बोनेटपाशी ८०० चे हां हां म्हणता १००० होतात. शिवाय समोरून एखादी एमटीसीची बस आली तर तिची लाट तुमच्या परवानगीने येत नाही.

पाणी इंजिनात कुठून शिरतं याविषयी आपल्याकडे एक जुना गैरसमज आहे. 'सायलेन्सरमध्ये पाणी गेलं' असं सगळे म्हणतात. इंजिन चालू असतं तोवर धुराच्या दाबामुळे पाणी त्या वाटेने सहसा वर चढत नाही. खरं दार पुढे असतं, बोनेटच्या आत, हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड. माझ्या इंजिनात पाच सिलिंडर आहेत, एकेकाची जागा ६४० सीसी. डिझेल इंजिनात ही सगळी हवा साधारण सोळाव्या हिश्शात दाबली जाते, म्हणजे पिस्टन वर पोचतो तेव्हा चाळीसेक मिलिलिटर जागा उरते. हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. तेव्हा फिल्टर कॉफीच्या टंबलरमध्ये मावतं त्याच्या निम्म्याहून कमी पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं, की वर येणारा पिस्टन थबकतो आणि त्याचा दांडा वाकतो. दोन-अडीच टनांची गाडी एवढ्याशा घोटाने गारद.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. इंजिन आपोआप थांबलं असेल तर कदाचित वाचलंय. किल्ली फिरवून आपण ते मारतो. विमा कंपन्याही नेमक्या इथेच हात वर करतात. पुराने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसतं, पण बुडालेली गाडी चालू करायच्या खटपटीत इंजिन गेलं तर ते बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन-संरक्षणाचा वेगळा हप्ता भरावा लागतो. गाडीत मी जे काही वाढवलं त्यातली सगळ्यात उपयोगाची वस्तू ही, आणि ती दिसत नाही.

दुसरा धोका जास्त फसवा आहे. माझी गाडी साधारण ४.९ मीटर लांब, १.८६ रुंद. म्हणजे पोटाखाली नऊ चौरस मीटरचा पाट. चाकांच्या पोकळ्या वगळल्या तरी पाणी तळाच्या वर दर दहा सेंटिमीटर चढलं की गाडीला साधारण आठशे किलोची उचल मिळते. गाडीचं वजन अडीच टनांच्या आतलं. तेव्हा पाणी तळाच्या वर तीस सेंटिमीटर गेलं आणि दारांची रबरं चांगली असली, तर गाडी तरंगायला लागते. तोवर चाकांवरचा भार हलका होत जातो आणि पकड सुटत जाते. दारं जितकी घट्ट, तितकी गाडी लवकर होडी होते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळात पळ्ळिकरणैच्या एका वसाहतीतून गाड्या रांगेने वाहत निघाल्याचा व्हिडिओ फिरला होता. पळ्ळिकरणै मुळात पाणथळ जागा. पाणी आपल्या घरी आलं होतं, गाड्या भाडेकरू होत्या.

हे सगळं मला आधी कळलं असतं तर मी टायर बदलले नसते. पण मोठी गाडी घेतली की माणसाला ती आणखी मोठी करायची खाज सुटते. माझ्या गाडीचे मूळ टायर २६५/६०, अठरा इंची. मी २८५/६० चे जाडजूड खाचांचे टायर बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, गाडी उठून दिसेल. दिसली. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेतली. टायरचा व्यास २४ मिलिमीटरने वाढला, म्हणजे गाडी उचलली गेली त्याच्या निम्मी, १२ मिलिमीटर. करंगळीच्या जाडीएवढी. त्या बदल्यात स्पीडोमीटर आता तीन टक्के कमी दाखवत होता : काटा शंभरावर, गाडी एकशे तीनवर. डिझेल जास्त पिऊ लागली. एल.बी. रोडवर यू-टर्न घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला टायर घासून खरखर आवाज यायचा. वॉचमन लांबूनच ओळखायचा, साहेब आले.

मी ज्याच्याकडे गाडी नेतो तो मेकॅनिक साठीचा आहे. मी त्याला अण्णा म्हणतो, तो मला सार. पुढे स्नॉर्केल लावू या का, मागे लोखंडी बंपर, वर दिव्यांची पट्टी, अशी यादी घेऊन मी गेलो. त्याने ती शांतपणे ऐकली आणि प्रत्येकाला एकच शब्द दिला : "वेंडाम, सार." नको.

कायदा त्याच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. लोखंडी बंपरवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बडगा उगारला होता : पायी चालणाऱ्याला तो जीवघेणा, आणि धडकेचा दाब सेन्सरपर्यंत नीट न पोचल्याने एअरबॅग उघडायचीही खात्री नाही. गुरख्याला स्नॉर्केल कारखान्यातूनच येतं, ते चालतं. मी जनरल पॅटर्स रोडवरून आणून बोनेटशेजारी भोक पाडून लावलं, तर ते बहुतेक शोभेचं आणि कदाचित बेकायदा. त्याचे सांधे हवाबंद नसतील तर पाणी वरून नाही, तिथूनच शिरणार.

अण्णाने सुचवलेलं काम दिसायला अगदी क्षुल्लक होतं. चाकांमधल्या डिफरन्शियलच्या डब्याला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. गाडी चालून तो डबा तापतो आणि तसाच थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि तो मिळेल तिथून पाणी ओढून घेतो. नळीचं तोंड उंचावर असलं तर हवा ओढली जाते. त्याने दोन्ही नळ्या तपासल्या, एकीच्या तोंडावर बसलेला चिखल काढला आणि तळाचा बोल्ट सैल करून थोडं ऑइल एका झाकणात घेतलं. पाणी शिरलं असतं तर ते ऑइल दुधाळ, थेट इथल्या कॉफीच्या रंगाचं दिसतं. माझं काळपट मधासारखं निघालं. त्याने ते बोटांत चोळलं, उन्हात धरलं आणि मान हलवली. पैसे घेतले ते ऐकून मला टायरचं बिल आठवलं. पुढच्या आठवड्यात मी मूळ मापाचे टायर परत चढवले.

बेझंटनगरच्या किनाऱ्यावर गाडी उतरवायचं स्वप्न मात्र मी स्वतःहून सोडलं. जानेवारीनंतर तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि विद्यार्थी रात्री नीलांकरैपासून चालत घरटी शोधतात. तिथे चाकं नेणं हा आचरटपणा आहे. कोकणातही दर सुट्टीत कुणीतरी किनाऱ्यावर रुतून बसतो, भरती चढत असते, आणि फोर बाय फोर काढायला ट्रॅक्टर नाहीतर बैलजोडी शोधावी लागते.

तर तो उड्डाणपूल. मी गेलो तेव्हा रांग बरीच लांबली होती. एका आल्टोच्या मागे जागा मिळाली, आणि माझ्यामागे लगेच एक जुनी आय-टेन येऊन चिकटली. १६ ऑक्टोबरला लाल इशारा होता, पण ढग उत्तरेकडे सरकले आणि शहर वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आणायला गेलो. वळवायला जागा नव्हती. पुढे आल्टो, मागे आय-टेन, डाव्या अंगाला कठडा. चारही चाकांना ताकद देणारं बटण समोर होतं, खडकांत चालायची वेगळी सोय होती. मी खाली उतरलो आणि आल्टोच्या काचेत लावलेल्या चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. पलीकडून एक बाई झोपेतच म्हणाल्या, दहा मिनिटं थांबा, डोशाचं पीठ वाटून येते.