बग की नवी मागणी?

सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालत नसेल, तर तो बग. ठरल्याप्रमाणे चालतंय पण आपल्याला पुरत नाही, तर ती नव्या सोयीची मागणी. कागदावर हे सोपं आहे. एक्सेलने मात्र दोन्ही बाजूंनी घोळ घातला.

विंडोजवरच्या एक्सेलमध्ये ६० लिहा आणि त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. तो दिवस उगवलाच नाही! मूळ चूक 'लोटस १-२-३' या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची. तिथल्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून ठेवली. आता दुरुस्त करायची, तर जुन्या फायलींमधल्या जवळपास सगळ्या तारखा एका दिवसाने सरकतील. म्हणजे बग पक्का, तरी राखलेला.

दुसऱ्या बाजूचा त्रास जनुकशास्त्रज्ञांनी सोसला. 'सेप्ट२' हे जनुकाचं नाव टाइप केलं, की एक्सेल त्याची २ सप्टेंबर ही तारीख करायचं. प्रोग्रॅम नेमून दिलेलंच काम करत होता, त्यामुळे व्याख्येनुसार हा बग नव्हे. पण छापून आलेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांतही अशा तारखा घुसल्या होत्या. अशा वेळी निव्वळ व्याख्येकडे बोट दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. अखेर २०२० मध्ये अशा जनुकांचीच नावं बदलली गेली. 'सेप्ट२'चं 'सेप्टिन२' झालं. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये.

बग की मागणी हा घोळ टाळायचा, तर तक्रार नोंदवताना काय केलं, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, हे लिहाच. शिवाय ती अपेक्षा कशावरून धरली, तेही लिहा: मदतपुस्तिकेवरून, पडद्यावरच्या सूचनेवरून की जुन्या सवयीवरून.